नगरचा कोट आणि सैन्यातील स्त्रिया

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, लष्करी इतिहासात स्त्रीच्या सेनानेतृत्वाचे सर्वांत ठळक उदाहरण १५९५-९६ च्या मोगल वेढ्यात सापडते. हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबिबी हिने अल्पवयीन बहादूर निजामशहाच्या नावाने कारभार हाती घेतला होता, आणि शाहजादा मुरादच्या फौजा कोटाला भिडल्या तेव्हा बचावाची सूत्रेही तिच्याकडेच होती. मोगलांनी तटाखाली सुरुंग, म्हणजे दारू ठासलेली भुयारे, खणले. सुगावा लागताच आतल्यांनी काही निकामी केले, तरी एक उडालाच आणि तटाला खिंडार पडले. त्या खिंडारापाशी ती तलवार घेऊन उभी राहिली व रातोरात तट पुन्हा बांधून घेतला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. तोफगोळे संपल्यावर नाणी डागल्याची कथा मात्र दंतकथाच मानावी. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला. १६०० च्या दुसऱ्या वेढ्यात मात्र, ती शत्रूशी बोलणी करते म्हणून फितुरीचा आळ घेऊन तिच्याच माणसांनी तिला ठार मारले आणि कोट पडला.

१८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने हा किल्ला घेतल्यावर नगर छावणीचे गाव झाले. स्वातंत्र्यानंतर येथे चिलखती दलाचे, म्हणजे रणगाडे चालवणाऱ्या दलाचे, प्रशिक्षण केंद्र आले, आणि पुढे चिलखती वाहनांतून लढणाऱ्या यांत्रिकी पायदळाचेही.

भारतीय सैन्याने वैद्यकीय सेवांबाहेर स्त्री अधिकाऱ्यांना १९९२ पासून प्रवेश दिला, पण मर्यादित मुदतीसाठी. निवृत्तीपर्यंतची नोकरी, म्हणजे कायमस्वरूपी कमिशन, बहुतेक शाखांत मिळाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालाने. त्या खटल्यात, ग्रामीण भागातून आलेल्या जवानांची मानसिकता स्त्रीचा हुकूम स्वीकारण्याइतकी तयार झालेली नाही, असा युक्तिवाद सरकारने केला होता आणि न्यायालयाने तो फेटाळला. चांदबिबीच्या शेवटाकडे बोट दाखवून कोणी त्या युक्तिवादाला दुजोरा देऊ पाहील. पण तिचा घात झाला तो तहाच्या संशयाने, आणि पहिल्या वेढ्यात याच कोटातील शिबंदी तिच्या हुकमाखाली लढली होती. २०२३ मध्ये तोफखानाही स्त्री अधिकाऱ्यांना खुला झाला, मात्र पायदळाबरोबरच नगरला ज्यांची केंद्रे आहेत ती चिलखती दल आणि यांत्रिकी पायदळ ही दोन्ही दले त्या निर्णयांच्या कक्षेबाहेर राहिली.