तोंडाने ओढलेला दोरा

कापडगिरणीतला धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंडी अणी बसवलेली लाकडी होडीच. तिच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी आणि एका कडेला बारीक भोक. त्या भोकातून सुताचे टोक बाहेर आल्याशिवाय माग चालू करता येत नाही. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या विणकरांनी त्याची सर्वांत जलद रीत शोधली होती: नवी कांडी बसवायची, भोकाला ओठ लावायचे आणि श्वास जोराने आत ओढायचा. सूत तोंडात येते. तिकडचे कामगार याला धोट्याचे चुंबन घेणे म्हणत. कांडी काही मिनिटांत संपते आणि एका विणकराकडे बहुधा चार माग असत. म्हणजे दिवसातून शेकडो वेळा ओठ त्याच लाकडाला लागणार.

जॉन के या इंग्रज कारागिराने १७३३ मध्ये उडता धोटा काढला तेव्हापासून विणकामाचा वेग वाढतच गेला. यंत्रमाग आल्यावर थांबलेला माग म्हणजे उघड तोटा झाला. विणकराची मजुरीही विणलेल्या कापडावर ठरायची, त्यामुळे क्षण वाचवायची घाई त्यालाही होती. तेल, कापसाची धूळ आणि आधीच्या माणसाची लाळ तोंडात जाई. क्षयाची भीती होती, दात किडल्याच्या तक्रारी होत्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये कायदा करून ही रीत बंद केली. त्याच राज्यातल्या होपडेल गावी १८९० च्या दशकात नॉर्थ्रप माग तयार झाला होता. त्याच्या धोट्यात सूत आपोआप ओवले जाई. हाताने ओवायचे धोटेही मिळत होते. लँकेशायरच्या मालकांनी मात्र जुन्या मागांवर आणि जुन्या धोट्यांवरच काम रेटले. तिथे कायद्याने बंदी यायला १९५२ उजाडले.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळ्यापर्यंत गिरण्या पसरल्या. यंत्रे विलायतेहून येत, ती चालवायची पद्धतही तिकडचीच. धोट्याला ओठ लावणे असेच इकडे आले. लँकेशायरमध्ये ज्या लाळेची चर्चा रोगाच्या भीतीने झाली, तिच्यात इथल्या सवर्णांना विटाळ दिसला. अस्पृश्य मानलेल्या माणसाने ओठ लावलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असे म्हणत साचेखात्यातल्या कामगारांनी दलितांना आत येऊ दिले नाही. साचेखाते म्हणजे विणकामाचे खाते, गिरणीतल्या चांगल्या कमाईच्या खात्यांपैकी एक. दलित कामगारांच्या वाट्याला सूतकताईचे कमी पगाराचे काम आले.

लाळ हे सांगायचे कारण होते, आणि ते मानणारे लोक ते मनापासून मानतही असतील. पण दार बंद ठेवायला आणखीही बळ होते. गिरणीत माणूस भरायचा मुकादम. तो आपल्या गावचा, नात्यातला, जातीचा माणूस आणी, त्याच्याकडून दस्तुरी घेई, त्याला काम शिकवी आणि कामावरून काढूही शके. खाणावळ, खोली, उधारी सगळे याच ओळखीवर चाले. अशा ठिकाणी चांगल्या पगाराचे खाते एकदा एका गटाच्या हाती गेले की बाहेरच्याला ते मिळणे अवघड. हाताने ओवायचा धोटा आणला असता तर लाळेचे कारण एका दिवसात संपले असते. तो आणावा असे ना मालकांना वाटले, ना आतल्या कामगारांना. मला या साऱ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत जड वाटते.

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. ना. म. जोशी, श्रीपाद अमृत डांगे आदी पुढारी संप समितीत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले की दलित कामगारांना सर्व खात्यांत काम करायचा हक्क मागण्यांत घाला; नाही तर मी त्यांना संपापासून दूर राहायला सांगेन. मागणी घातली गेली, पण नाखुशीने. ब्रिटिश सरकारच्या सायमन आयोगापुढे बाबासाहेबांनी हे सारे स्वतः सांगितले. मालकांचे त्यावरचे उत्तरही त्यांनी नोंदवले: हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. हे उत्तर रास्त होते, असेही ते म्हणाले. मला ते अर्धेच रास्त वाटते. कामगारांनी दार अडवले हे खरे, पण कोणता धोटा विकत घ्यायचा हे मालकच ठरवत होते.

कामगार एकजुटीची भाषा बोलणाऱ्या चळवळीला आपल्याच घरातला प्रश्न असा बाहेरच्या माणसाने दाखवून द्यावा लागला. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन एक दिवसाच्या संपात उतरले. तो संप औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध, म्हणजे संप करायच्या हक्कासाठी होता. साचेखात्याचे दार हा त्या दिवसाचा विषय नव्हता.