काड्या चालू लागल्या त्याची कुळकथा

दादासाहेब फाळक्यांचं नाव निघालं की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो, फार तर ‘लंकादहन’. १९१५ सालचा त्यांचा ‘आगकाड्यांची मौज’ मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्यात राजा नाही, देव नाही, नटही नाही. काम करतात त्या पेटीतल्या काड्या. भारतीय अॅनिमेशनचं कूळ शोधत मागे गेलं, तर वाट या काड्यांपाशी येते.

पण मूळ आणखी थोडं मागे आहे, एका वाटाण्यात.

१९१२ मध्ये फाळके लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले. चित्रपटाला पैसा हवा होता आणि भांडवल देणाऱ्यांना काहीतरी करून दाखवणं भाग होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर अंकुर डोळ्यांदेखत वर आला, वेल झाला. या लघुपटाचं नाव ‘अंकुराची वाढ’. कॅमेरा सलग चालवायलाच हवा असं नाही. थांबायचं, पुन्हा टिपायचं, आणि मधला काळ गाळून टाकायचा, ही किल्ली त्यांच्या हाती तेव्हाच आली. वाटाणा निदान स्वतः वाढत होता. काडीला हलवणारा हात लागतो, आणि तो हात चित्रात दिसता कामा नये.

ही नजर त्यांच्यात आधीपासून होती. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथे ते शिकले, गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा केला. जादूचे प्रयोगही केले. फाळके हे आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने! प्रेक्षकाला काय दाखवायचं आणि काय लपवायचं, हे त्यांना रंगमंचावर कळलेलं होतं.

१९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, पण परतताना महायुद्ध पेटलं. भांडवलदारांनी हात आखडता घेतला, परदेशी कच्च्या फिल्मची चणचण झाली. मोठे चित्रपट अडले तेव्हा फाळके नाशिकला छोट्या चित्रपटांकडे वळले. ‘आगकाड्यांची मौज’ हे त्या अडचणीच्या काळातलं अपत्य आहे. फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ मध्येच काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. म्हणून नाशिकच्या कामाची किंमत कमी होत नाही. कोलच्या मागे गोमाँसारखी बडी कंपनी होती. फाळक्यांच्या मागे होत्या सरस्वतीबाई, ज्या फिल्मला अंधारात भोकं पाडण्यापासून रसायनं तयार करण्यापर्यंत सगळं करत.

या कामाला किती चिकाटी लागते, ते हिशोब मांडल्यावर कळतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात आणि मूकपटाच्या काळात साधारण तेवढीच एका सेकंदात पडद्यावरून सरकत. म्हणजे मिनिटाला ६० फूट फिल्म, ९६० चित्रं. प्रत्येक चित्राआधी काडी केसभर सरकवायची. मध्येच एखादी घरंगळली किंवा टेबलाला धक्का लागला, तर ती उडी पडद्यावर दिसणारच. आणि केलेलं काम बघायला तेव्हा फिल्म धुऊन होईपर्यंत थांबावं लागे. आज शाळेतल्या मुलांना हे मोबाइलवर करून बघता येईल: फोन स्टुलाला घट्ट बांधायचा, पडद्याने उन्हाची तिरीप अडवायची, आणि सेकंदाला बाराच चित्रं धरली तरी दहा सेकंदांना १२० फोटो लागतील. फाळक्यांचा संयम समजायला याहून चांगला धडा नाही.

मूळ चित्रपट आज पाहायला मिळत नाही. मोठ्या चित्रपटाला जोड म्हणून दाखवायची ही चीज. असल्या तुकड्यांची रिळं कोण जपणार? पण पुढे कूळ वाढलं. १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभातने ‘जंबूकाका’ हा चितारलेला व्यंगपट काढला. १९५६ च्या सुमारास मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत तिथे घडले. अॅनिमेशनच्या इतिहासाची सुरुवात बऱ्याचदा या विभागापासून धरली जाते. त्याआधीची ४१ वर्षं त्या हिशोबात धरायला हवीत, आणि त्यांच्या आरंभी नाशिकच्या त्या काड्यांचं नाव लिहायला हवं.