मनगटाविना वार : दांडपट्टा, गोल्फचा फटका आणि अंगातले बळ

मराठी भाषेने पराक्रमाचे बिऱ्हाड मनगटात मांडले आहे. ‘मनगटाच्या जोरावर’ राज्ये मिळवली जातात, ‘मनगटात ताकद’ असलेला माणूस कोणापुढे वाकत नाही. मात्र २०२४ च्या फेब्रुवारीत शिवजयंतीच्या निमित्ताने महाराष्ट्राने ज्या दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तो हातात चढवताच मनगट जायबंदी होते. ते वळत नाही, मुडपत नाही, झटका देऊ शकत नाही.

ही रचना समजून घेण्यासारखी आहे. तलवारीची मूठ पात्याच्या रेषेत असते, पट्ट्याची पात्याला आडवी. लोखंडी खोबळ्यात हात कोपराच्या जवळपास पोचेपर्यंत घालायचा, आतली आडवी दांडी मुठीत धरायची आणि मागचा पट्टा किंवा कडी हाताभोवती अडकवायची. एवढे झाले की कोपरापासून पात्याच्या टोकापर्यंत एकच सरळ दांडा तयार होतो. कट्यारीचीही मूठ अशीच आडवी असते; म्हणून अभ्यासक पट्ट्याचे मूळ कट्यारीत शोधतात. पाती लांब, सरळ, दुधारी आणि पुष्कळदा युरोपातून आलेली असत.

हात आणि हत्यार एक झाल्याची सर्वांत बोलकी नोंद प्रतापगडाच्या प्रसंगात आहे. १० नोव्हेंबर १६५९. लोकसमजुतीत पट्टा म्हटला की जिवा महाला आठवतो. सभासद बखरीतील वर्णन थोडे वेगळे आहे. तिथे पट्ट्याचे वार करीत धावून येतो तो सय्यद बंडा. शिवाजी महाराज जिवा महालाजवळचा पट्टा घेऊन, पट्टा आणि बिचवा यांच्या कात्रीत ते वार झेलतात. मग जिवा महाला खांद्यावर घाव घालून सय्यद बंडाचा पट्ट्याचा हात हत्यारासकट तोडतो. तलवारबाजाच्या हातून तलवार उडवता येते. खोबळ्यात अडकलेला पट्टा उडवता येत नाही. तिथे हातच तोडावा लागतो.

मनगट असे कोंडून घेतल्याने काय गमावले आणि काय मिळवले? याचे उत्तर शोधताना एका अगदी परक्या खेळाची मदत होते. मुंबईत गोल्फचा क्लब १८४२ साली, कंपनी सरकारच्या अमदानीत निघाला. साहेबांचा खेळ म्हणून मराठी समाजाने त्याकडे दुरूनच पाहिले. पण फिरत्या हाताचे जितके बारकाईने मोजमाप या खेळात झाले, तितके क्वचितच दुसरीकडे झाले असेल.

१९३० च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजरटन यांनी लखलखत्या दिव्यांच्या साहाय्याने बॉबी जोन्स या विख्यात गोल्फपटूच्या फटक्याचे असंख्य क्षण एकाच छायाचित्रात टिपले. १९६८ मध्ये कॉक्रन आणि स्टॉब्स या ब्रिटिश लेखकांनी ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या ग्रंथात फटक्याचा दुहेरी लंबक मांडला. पहिला लंबक खांदा आणि हात यांचा, दुसरा काठीचा. दोहोंना जोडणारी बिजागरी म्हणजे मनगट. दोनच वर्षांनी थिओडोर जॉर्गेनसन या भौतिकशास्त्रज्ञाने त्याचे गणित स्वतंत्रपणे तपासले.

निष्कर्ष अनेक खेळाडूंच्या समजुतीला धक्का देणारा होता. मनगटाने जोर लावला म्हणून काठी वेगाने येते, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात उतरत्या फटक्याच्या पहिल्या भागात मनगट मुडपलेलेच ठेवावे लागते. पाय जमिनीला रेटतात, कंबर आधी फिरते, मागून छाती आणि खांदे, त्यामागून हात. फिरणारी काठी केंद्रापासून बाहेर ओढली जाते आणि ती ओढच योग्य वेळी मनगट उघडते. त्या क्षणी हात मंदावतात आणि त्यांची गती काठीच्या टोकाकडे जाते. मनगटाने शेवटी दिलेला रेटा थोडी भर घालतो. तोच घाईने आधी दिला तर टोकाचा वेग उलट घटतो. सारांश, मनगट हे बळाचे कोठार नव्हे. ती एक फाटक आहे, आणि तिची किमया उघडण्याच्या वेळेत आहे.

मूलसारख्या जंगलपट्ट्यात, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधल्या सागवानी मुलखात वाढलेल्या माणसाला हे लंबकाच्या गणिताशिवाय पटेल. लांब दांड्याच्या कुऱ्हाडीने ओंडका फोडणारा वरचा हात आरंभी पात्याजवळ धरतो. घाव खाली येताना तो हात दांड्यावरून दुसऱ्या हाताकडे सरकतो. आधी आखूड, मग लांब. जड पाते आरंभी शरीराजवळ असल्याने सहज हलते आणि शेवटी दूर गेल्याने टोकाला वेग मिळतो. गोल्फपटू जे मनगट मुडपून साधतो, ते इथे सरकत्या हाताने साधते. नवशिक्या दोन्ही हात दांड्याच्या टोकाशी धरतो, दंडातल्या जोराने घाव हाणतो आणि अर्ध्या तासात थकतो.

पट्ट्याला या दोन्ही सोयी नाहीत. हात सरकत नाही, मनगट उघडत नाही. मग वेग यायचा कुठून? कोपर, खांदा, कंबर आणि पाय यांतून. पट्टेकऱ्याच्या गिरक्या, उड्या, एका पायावरून दुसऱ्यावर जाणारा भार, हे सारे आज प्रेक्षकांना शोभेचे वाटते. त्यामागे निकड आहे. शेवटची बिजागरी बंद झाल्यावर तिचे काम वरच्या सांध्यांवर येते, आणि अंग फिरवल्याशिवाय पात्याच्या टोकाला धार असूनही जीव येत नाही. शिवाय थांबवलेले लांब पाते पुन्हा हलवणे फार जड जाते. म्हणून एक वार संपतो तिथून दुसरा सुरू होतो. मराठीतला ‘तोंडाचा पट्टा’ याच अखंडतेतून आला असावा.

मोबदला मोठा होता. गोल्फची काठी चेंडूला जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद स्पर्श करते. कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी टोकाच्या अगदी वर बिजागरी बसवलेल्या काठीने चेंडू मारून पाहिला, तर तो जवळजवळ तितकाच दूर गेला. म्हणजे आघाताच्या क्षणी खेळाडूचे हात, खांदे, वजन कशालाच महत्त्व उरत नाही. काठीचे टोक एकटे काम करते. पट्ट्याचे नेमके उलट आहे. वार लागल्यावर पात्याला पुढे जात राहायचे असते, आणि त्याच वेळी विरुद्ध बाजूचा रेटा मनगट मागे मुडपू पाहतो. खोबळा ते मुडपू देत नाही. पात्यामागे अख्खा हात उभा राहतो, आणि धार तिरपी होण्याचा धोका कमी होतो. गोल्फने टोकाचा वेग निवडला, पट्ट्याने घावाची चिकाटी निवडली.

किंमतही तशीच चुकवावी लागली. जवळून लढताना मनगटाच्या किंचित हालचालीने वार परतवणे, पाते फसवून दुसरीकडे नेणे, हे पट्टेकऱ्याला अवघड. त्याला मोकळी जागा हवी.

हिंदुस्थानी तलवार या दोहोंच्या मध्ये उभी आहे. तिच्या मुठीच्या टोकाला असलेली चकती मनगटाला टेकते आणि ते फार वाकू देत नाही. म्हणून तिचा वार युरोपीय धाटणीच्या झटक्याऐवजी ओढून कापणारा होतो. लुई नोलन या ब्रिटिश घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ साली निजामाच्या स्वारांविषयी लिहिले. त्यांच्या घावांनी हातपाय आणि मुंडकी सरळ तुटलेली होती. तलवारींची पाती मात्र ब्रिटिश फौजेने टाकून दिलेली जुनी! नवी मूठ, वस्तऱ्यासारखी धार आणि लाकडी म्यान, एवढाच फरक. ‘शिकवता कसे?’ या प्रश्नाला एका जुन्या स्वाराने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की वेगळे काही शिकवत नाही, धारदार तलवार कोणाच्याही हातात कापते. (पुढच्याच वर्षी बालाक्लाव्हाच्या रणात नोलन मारला गेला.)

स्वाराचे हे उत्तर तलवारीपुरते खरे मानता येईल. पट्ट्याच्या बाबतीत ते खोटे आहे. बंदुकीने रणांगण व्यापले, १८७८ च्या शस्त्रकायद्याने हत्यारे बाळगण्यावर बंधने आणली आणि पट्टा मर्दानी खेळांच्या आखाड्यात येऊन राहिला. कोल्हापुरात ती परंपरा विशेष टिकली. तिथेही आरंभ लाठीपासून आणि पवित्र्यांपासून होतो. जमिनीवर ठेवलेल्या लिंबावर पट्ट्याचा वार होताना प्रेक्षकांचे डोळे पात्यावर असतात. वस्ताद त्या वेळी शिष्याच्या पावलांकडे पाहत असतो.