शिकार, संरक्षण आणि नेमबाजी : तिन्हींसाठी एकच रिव्हॉल्व्हर घेता येतं का?



यूट्यूबवर बंदुकांचे रिव्ह्यू करणारी अमेरिकन चॅनेल्स आपल्याकडेही भरपूर बघितली जातात. त्यांचा एक ठरलेला विषय आहे : "एकच रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर कोणतं?" म्हणजे शिकारीला चालेल, घराच्या संरक्षणाला चालेल आणि टार्गेटवर नेमबाजीलाही चालेल असं. मी मूळचा जळगावचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे असे व्हिडिओ बघून गावाकडची पोरं मलाच विचारतात, "भाऊ, आपल्याकडे असं कोणतं घेता येईल?"

थोडक्यात उत्तर : कोणतंच नाही. पण का नाही, हे समजून घेणं गरजेचं आहे. त्यात थोडं फिजिक्स आहे, थोडा कायदा आहे, आणि चुकीचा शॉर्टकट घेतला तर किमान २ वर्षांची जेल आहे.

अमेरिकेतलं उत्तर काय असतं?

तिकडे बहुतेक जण .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरचं नाव घेतात, चार इंची नळीचं. हे काडतूस १९३५ मध्ये आलं. ते जुन्या .३८ स्पेशल काडतुसापेक्षा साधारण ३ मिलिमीटर लांब आहे, पण दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच. त्यामुळे .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलही चालतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी! सरावाला कमी धक्क्याचं काडतूस, शिकारीला जोरदार काडतूस, आणि हत्यार एकच.

हे तिथे जमतं, कारण तिथे बऱ्याच राज्यांत हँडगनने शिकार करायला परवानगी आहे आणि दुकानात डझनभर पर्याय आहेत. आपल्याकडे यातलं काहीच लागू होत नाही.

भारतात परवान्यावर काय मिळतं?

सामान्य नागरिकाला 'नॉन-प्रोहिबिटेड बोर', म्हणजे एनपीबी गटातलं हत्यारच मिळू शकतं. ९ मिमी पिस्तूल प्रतिबंधित गटात येतं, त्यामुळे सिनेमात दिसणारं बरंचसं विसरा. परदेशी हँडगनची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८०च्या दशकापासून बंद आहे. म्हणून प्रत्यक्षात नावं ऐकू येतात ती बहुतेक सरकारी कारखान्यांची :

• निर्भीक : .३२ बोर, ६ राउंड, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन साधारण ५०० ग्रॅम. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून बाजारात आलं, तेव्हाची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये.
• निडर : .२२ बोर, ८ राउंड, वजन साधारण २५० ग्रॅम. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं.
• प्रबल : .३२ बोर, ७६ मिमी नळी, वजन साधारण ६७५ ग्रॅम. कानपूरच्या एडब्ल्यूईआयएल कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलं. कंपनी ५० मीटर रेंज सांगते.

गंमत म्हणजे आपल्याच जळगाव जिल्ह्यात वरणगावला काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. पण तिथे मुख्यतः लष्कराच्या रायफलींची काडतुसं बनतात. .३२ चं काडतूस परवाना दाखवून, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच घ्यावं लागतं.

आता तिन्ही कामं एकेक करून बघू.

काम १ : शिकार

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार छंद म्हणून शिकार करायला भारतात जागाच नाही. यावल अभयारण्य असो, शिरपूरजवळचं अनेर धरण अभयारण्य असो किंवा स्वतःचं शेत असो, ससा-तितर मारणं हाही गुन्हाच आहे.

मग रावेर-यावलच्या केळीत आणि साक्रीकडच्या मक्यात घुसणाऱ्या रानडुकरांचं काय? त्यासाठी याच कायद्याच्या कलम ११ मध्ये सोय आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या ठराविक प्राण्यांबाबत वन विभागाचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. लेखी परवानगी नसेल तर 'पीक वाचवत होतो' हे कारण चालत नाही.

समजा परवानगी मिळाली, तरी रिव्हॉल्व्हर हे त्या कामाचं साधन नाही. गोळीची ऊर्जा ज्यूलमध्ये बघा, आकडे अंदाजे आहेत :

• .२२ बोर : १३०, तेही रायफलच्या लांब नळीतून
• .३२ बोर रिव्हॉल्व्हर : १८०
• .३५७ मॅग्नम : ७००
• १२ बोर बंदूक : २००० च्या आसपास

मोठं रानडुक्कर १०० किलोच्या घरात जातं. त्याला १८० ज्यूलची गोळी मारली तर ते बहुधा मरत नाही, जखमी होतं. आणि जखमी रानडुक्कर पळून जाईलच असं नाही, ते अंगावरही येतं. शस्त्र कायदा, १९५९ मध्येही पीकसंरक्षणासाठी तोंडाने ठासायच्या बंदुकीचा, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा, वेगळा उल्लेख आहे. रिव्हॉल्व्हरचा नाही.

व्यवहारात सोलर कुंपण आणि नुकसानभरपाईचा अर्ज हाच मार्ग बरा. पिकाचे फोटो लगेच काढा आणि उशीर न करता अर्ज करा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

काम २ : संरक्षण

तिन्हींपैकी हे एकच काम असं आहे की ज्यासाठी .३२ बोर रिव्हॉल्व्हर खरंच बनवलंय. आकार लहान, यंत्रणा साधी. चाप ओढला की सिलिंडर फिरतो आणि पुढचं काडतूस नळीसमोर येतं. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, बस.

पण ६ राउंडच्या पलीकडे विचार करा. हत्यार कुलपात ठेवलं तर वेळेवर हाती येत नाही, उशाशी ठेवलं तर घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू शकतं. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं तर तो हक्क टिकत नाही. चोर पळत सुटल्यावर पाठीमागून गोळी झाडली, तर आरोपी तुम्हीच होऊ शकता.

बहुतेकांसाठी मजबूत दरवाजा, अंगणातला दिवा, कॅमेरा आणि ११२ हा नंबर यांचा उपयोग जास्त आहे.

काम ३ : नेमबाजी

इथे साधी भूमिती आहे. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं अंतर जितकं कमी, तितकी हाताची चूक मोठी दिसते. छोट्या रिव्हॉल्व्हरवर हे अंतर समजा १२ सेंमी आहे. नेमात १ मिमीची चूक झाली तर २५ मीटरवर गोळी जवळपास २१ सेंमी बाजूला जाते. स्पर्धेच्या पिस्तुलावर हेच अंतर ३२ सेंमी धरलं, तर तीच चूक ८ सेंमीच्या आत राहते.

म्हणून स्पर्धेतली साधनं वेगळी असतात. मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन ब्राँझ मिळवली ती १० मीटर एअर पिस्तुलात. त्या प्रकारात मधलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिमीचं असतं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तिथे .२२ चं स्पर्धेचं पिस्तूल लागतं.

आनंदाची बातमी म्हणजे ४.५ मिमी बोरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही, फक्त दुकानदाराला ओळखपत्र द्यावं लागतं. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा ६-७ ज्यूलच असते. छर्राही स्वस्त. सुरुवात मात्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करा. आणि एअरगनने पक्षी मारणं हीसुद्धा शिकारच आहे, हे विसरू नका.

परवाना कसा मिळतो?

१. वय किमान २१ पूर्ण हवं.
२. अर्ज केंद्र सरकारच्या एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर भरायचा. जळगाव आणि धुळ्यात परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी.
३. ओळख आणि पत्त्याचे पुरावे, शारीरिक-मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि हत्यार का हवं याचं कारण.
४. पोलीस चौकशी. जिवाला धोका असल्याचा ठोस पुरावा नसेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो.
५. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा असतो आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ हत्यारं ठेवता येतात.

परवाना मिळाला तरी निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये, झाकूनच न्यावी लागते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

'स्वस्तातला' शॉर्टकट

हा भाग नीट वाचा. चोपडा तालुक्याची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशचा बडवानी जिल्हा लागतो. तिथल्या उमर्टीचं नाव गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत वारंवार येतं. 'लाखाचं लायसन्सवालं कशाला, हे हजारांत मिळतं' असं सांगणारा कोणीतरी भेटतोच.

इंजिनिअर म्हणून सांगतो, काडतूस फुटताना नळीत प्रचंड दाब तयार होतो. कारखान्यातलं प्रत्येक हत्यार जादा दाबाच्या काडतुसाने तपासूनच बाहेर पडतं. कट्ट्याची नळी कोणत्या पोलादाची आहे, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. तो हातातच फुटू शकतो, किंवा खाली पडला तरी उडू शकतो.

विनापरवाना हत्यार बाळगलं तर शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली २ ते ५ वर्षं कैद आणि दंड. कट्टा मित्राचा असला आणि तुम्ही फक्त रीलसाठी हातात घेतला, तरी पुरावा तुम्हीच इन्स्टाग्रामवर टाकलेला असतो. रील डिलीट केली तरी कोणाच्या तरी फोनमध्ये स्क्रीनशॉट राहतोच. अशी एक केस लागली की नोकरी, पासपोर्ट, पोलीस भरती, सगळीकडे ती आडवी येते.

मग काय निवडायचं?

• नेमबाजी आवडते : ४.५ मिमी एअर पिस्तूल आणि चांगला कोच.
• पिकाचं नुकसान होतंय : वन विभाग, भरपाई, सोलर कुंपण.
• जिवाला खरा धोका आहे : आधी पोलिसांत लेखी तक्रार, मग परवान्याचा अर्ज. मिळाला तर .३२ बोर, आणि सोबत प्रशिक्षण.

फोनमध्ये ऑलराउंडर शोधायला हरकत नाही. तिथे कॅमेरा थोडा कमी पडला तर फोटो खराब येतो, एवढंच. इथे साधन चुकलं तर आयुष्याची पाच वर्षं जातात, नाहीतर कोणाचा तरी जीव. तुमच्या मित्रमंडळींत कट्ट्यासोबत रील काढायचा विचार कोणी करत असेल, तर त्याला हा लेख आजच पाठवा.