खरवसाला चालतो, मग बाळाला का नाही?

गाय व्याली की शेजारीपाजारी चिकाची वाट बघतात. गूळ-वेलची घालून खरवस होतो, वाटीवाटीने घरोघर जातो. त्याच घरात सून बाळंत झाली की तिचा चीक मात्र 'जड', 'घाण', 'जुनं दूध' म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, ही रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालली. गाईचा चीक पौष्टिक आणि आईचा नासका, हे गणित मला कधी सुटलं नाही.

याचं खापर आपण चटकन अडाणी सासवांवर आणि वैजिणींवर (आमच्या गोव्यात सुईणीला वैजीण म्हणतात) फोडतो. मला ते पटत नाही. ही गोष्ट लिहून ठेवणारे चांगले शिकलेसवरलेले पुरुष होते.

दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरानसने सांगितलं, की बाळाला पहिले दोन दिवस उकळलेला मध द्या आणि आईचं दूध वीसेक दिवस देऊच नका. तोवर दाई बघा. आपल्या सुश्रुतसंहितेत बाईला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं असं धरलं आहे आणि तोवर मध-तुपाची योजना आहे. जातकर्म संस्कारातलं मध-तूप तर आपल्याला ठाऊकच आहे. गंमत अशी, की चरकसंहितेत मध-तूप चाटवून झाल्यावर बाळाला उजव्या अंगाला पाजायला सांगितलं आहे, तीन रात्री थांबायला नव्हे. म्हणजे आपल्या ग्रंथांतही एकमत नव्हतं. रूढीत टिकलं ते मात्र थांबायचं मत.

युरोपात या मताला मोठा धक्का दिला तो विल्यम कॅडोगन या डॉक्टरने. लंडनमध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी १७३९ साली फाउंडलिंग हॉस्पिटल स्थापन झालं होतं. तिथल्या एका कारभाऱ्याला लिहिलेल्या पत्राच्या रूपात त्याची छोटी पुस्तिका १७४८ साली छापली गेली. जन्मल्या जन्मल्या पोराच्या घशात लोणी-साखर कोंबणाऱ्यांवर तो तुटून पडला. आईचं पहिलं दूध सारक असतं, त्याने बाळाच्या पोटातली साठलेली काळी शी निघून जाते, म्हणून तेच द्या, असं त्याचं म्हणणं. कारण अर्धंच हाती लागलं होतं, पण निष्कर्ष बरोबर होता.

उरलेलं कारण कळायला जवळजवळ दीडशे वर्षं गेली. १८९२ साली जर्मनीत पाउल एर्लिख याने उंदरांच्या माद्यांची पिल्लं अदलाबदल करून पाजली. ज्या मादीला विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती होती, तिचं दूध प्यालेल्या परक्या पिल्लांनाही ती मिळाली. आईच्या चिकातही असंच संरक्षण असतं. त्यातली प्रतिपिंडं बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात; 'अ' जीवनसत्त्वही त्यात भरपूर. पहिल्या दिवसभरात तो मिळून साधारण तीस-चाळीस मिलिलिटर येतो, दोन-तीन मोठे चमचे. एवढ्याशाने काय होणार, असं घरच्यांना वाटतं आणि मग वरचं दूध, साखरपाणी सुरू होतं. नुकत्याच जन्मलेल्या धडधाकट बाळाला तेवढंच पुरतं, आणि चोखण्यानेच पुढचं दूध वाढतं.

मधाची बाजूही नंतर उघडी पडली. १९७६ साली कॅलिफोर्नियात तान्ह्या मुलांमधल्या बोट्युलिझम या आजाराची ओळख पटली. त्याचे जंतुबीज मधात असू शकतात. मोठ्यांना ते सहसा बाधत नाहीत, बाळाच्या कोवळ्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात. म्हणून वर्षाच्या आत मध नको.

आता हिशेब पाहा (कारकुनाला आकडे सुटत नाहीत). २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं किती? ४१.८ टक्के. सिझेरियन असतं, आई गुंगीत असते, बाळाला निराळ्या खोलीत नेलेलं असतं, ही कारणं मी ऐकली आहेत, काही खरीही आहेत. पण या खोलीत वैजीण कुठेच नाही.