जुना सर्व्हर बदलताना : चेन्नईच्या लघुउद्योगांपुढील प्रश्न

चेन्नई : लघुउद्योगाच्या कार्यालयातील सर्व्हर म्हणजे बहुधा एखाद्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे अखंड चालणारा संगणक. हिशेब, बिले, मालसाठा, वेतन आणि ग्राहकांच्या नोंदी त्याच्यावर असतात. तो बंद पडला, तर कारखान्यातील यंत्रे चालू असूनही माल पाठविता येत नाही. गिंडी व अंबत्तूर यांसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या चेन्नईत या प्रश्नाला पुराच्या धोक्याची जोड आहे. त्यामुळे सर्व्हर बदलताना नव्या यंत्राच्या किमतीइतकाच माहितीच्या सुरक्षिततेचा विचार आवश्यक ठरतो.

बदलाची वेळ

सर्व्हरची वॉरंटी सर्वसाधारणपणे ३ ते ५ वर्षांची असते. त्यानंतर सुटे भाग मिळणे कठीण होते आणि हार्ड डिस्क निकामी होण्याची शक्यता वाढते. यंत्र सुस्थितीत असले, तरी त्यावरील प्रणालीची मुदत संपलेली असू शकते. विंडोज सर्व्हर २०१२ साठीची नियमित सुरक्षा अद्यतने १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबली. विंडोज सर्व्हर २०१६ साठी ही मुदत १२ जानेवारी २०२७ आहे. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरातील अद्यतन न केलेल्या संगणकांनाच प्रामुख्याने लक्ष्य केले होते. त्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध करून दिला होता.

कायद्याच्या अटी

कंपनी म्हणून नोंदणी असलेल्या लहान उद्योगांनाही हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपून ठेवावी लागतात. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार, संगणकीय हिशेबाची राखीव प्रत दररोज भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणेही आवश्यक झाले आहे. म्हणून नव्या सर्व्हरवर चालू वर्षाची माहिती नेणे पुरेसे नाही. मागील वर्षांच्या नोंदीही वाचता आल्या पाहिजेत.

पाणी आणि उष्मा

डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईचा मोठा भाग पाण्याखाली गेला. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी अंबत्तूर औद्योगिक वसाहतीतही पाणी शिरले. अशा शहरात तळमजल्यावर, जमिनीलगत ठेवलेला सर्व्हर धोक्यात असतो. त्याच्याच शेजारी कपाटात ठेवलेली राखीव प्रतही त्याच्याबरोबर नष्ट होऊ शकते. सर्व्हर वरच्या मजल्यावर, वातानुकूलित खोलीत आणि चांगल्या बॅटरीच्या यूपीएसवर ठेवणे हिताचे असते. माहितीच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतील १ अन्यत्र, हा संगणक क्षेत्रातील रूढ नियम आहे.

क्लाऊडचा पर्याय

क्लाऊड सेवेमुळे यंत्रखरेदी टळते. मात्र मासिक शुल्क सुरू राहते आणि इंटरनेट खंडित झाल्यास काम अडते. त्यामुळे रोजचे काम कार्यालयातील लहान सर्व्हरवर आणि राखीव प्रत क्लाऊडवर, असा मध्यम मार्गही स्वीकारता येतो. मोठ्या क्लाऊड कंपन्यांची माहिती केंद्रे चेन्नईखेरीज मुंबई आणि पुणे येथेही आहेत. चेन्नईतील उद्योगाने राखीव प्रत दुसऱ्या शहरात ठेवल्यास एकाच पुराचा फटका दोन्ही प्रतींना बसत नाही.

स्थलांतर आणि विल्हेवाट

माहिती हलविण्यापूर्वी राखीव प्रतीतून ती प्रत्यक्ष परत मिळते का, याची चाचणी घ्यावी लागते. चाचणी न झालेल्या प्रतीवर विसंबता येत नाही. स्थलांतर महिनाअखेर अथवा विवरणपत्रांच्या मुदतीच्या तोंडावर टाळणे आणि काही आठवडे जुना सर्व्हर राखून ठेवणे श्रेयस्कर असते.

शेवटी प्रश्न उरतो जुन्या यंत्राचा. फाइल नुसती पुसल्याने माहिती नष्ट होत नाही. ती विशेष साधनांनी परत मिळविता येते. त्यामुळे डिस्क पूर्णपणे पुसून किंवा निकामी करूनच यंत्र नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे सोपविणे योग्य. ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत. भंगारात गेलेल्या अखंड डिस्कबरोबर ग्राहकांची माहितीही बाहेर जाते.