परमिट रूममधलं 'परमिट' कुठून आलं?

आजचा विषय बिअर आहे. पण कुठली प्यावी, कुठे स्वस्त मिळते, हे मी सांगणार नाहीये. मला बोलायचंय ते एका पाटीबद्दल. जळगावात रिंग रोडने जा, धुळ्यात आग्रा रोडच्या आसपास फिरा, नाहीतर हायवेला लागा. 'परमिट रूम व बिअर बार' ही पाटी दिसतेच दिसते. लहानपणापासून आपण ती वाचतोय. पण कसलं परमिट? कुणाचं? आणि रूमच का, हॉटेल का नाही?

हा प्रश्न आमच्या घरात एका एक्सेल शीटमुळे आला. मी धुळ्याचा, बायको जळगावची, दोघंही पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. गेली काही वर्षं आम्हाला एक नाद आहे. महिन्यातून एखाद्या शनिवारी पुण्यातल्या एका टॅपरूममध्ये जायचं, म्हणजे जिथे बिअर तिथेच बनते किंवा ताजी नळावरून मिळते अशा ठिकाणी. आणि सुट्टीला गावी गेलो की तिकडचा एखादा बिअर बार बघायचा. शीटमध्ये मी बिअरचं नाव, प्रकार, अल्कोहोल किती, भाव किती एवढंच लिहायचो. हिने त्यात एक कॉलम वाढवला: 'कुठे बसवलं'. वर्षभराने तो कॉलम फिल्टर करून पाहिला. पुण्याच्या नोंदी अशा: खिडकीपाशी, अंगणात, नळासमोरच्या उंच स्टुलावर. खान्देशच्या नोंदी अशा: फॅमिली, फॅमिली, वरचा मजला, पडद्यामागे, फॅमिली. दारातच विचारतात, "भाऊ, वहिनी आहेत का सोबत? मग वर फॅमिलीत बसा." माणसं अदबीनेच बोलतात, कुणी वाकडं वागलेलं नाही. पण बाई आत आली की तिची खोली आधीच ठरलेली असते. ती कुणी ठरवली, हे शोधत मी मागे मागे गेलो.

सुरुवात गोऱ्या सैनिकापासून करू. हिंदुस्थानात युरोपियन पद्धतीची बिअर आली ती इंग्रजांसाठी. आधी ती जहाजातून यायची. मग कसौलीला १८५५ च्या सुमारास एडवर्ड डायरने ब्रुअरी काढली, आणि पुढे थंड हवेच्या ठिकाणी आणखी निघाल्या. मोठं गिऱ्हाईक म्हणजे पलटणी.

यात आपल्याच रेल्वेलाइनवरचं एक स्टेशन येतं. जळगावहून मुंबईला जाताना नाशिक रोडनंतर देवळाली लागतं. तिथे १८६१ पासून लष्करी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सैनिक इंग्लंडच्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून राहायचे. काम नाही, ऊन, ताप, दारू. त्यातून इंग्रजीत एक शब्द तयार झाला, 'डूलाली टॅप', म्हणजे डोकं फिरलेला. यातलं 'टॅप' म्हणजे आपला ताप. २००९ मध्ये पुण्यात कोरिंथियन्स क्लबमध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ओलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरला घेऊन देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक काढली. तिचं नाव 'डूलाली'. आपलं देवळाली इंग्रजांच्या तोंडून वळसा घालून मराठी मुलखात परत आलं!

हे झालं साहेबाचं. खान्देशी माणूस तेव्हा काय पीत होता? सातपुड्यात मोहाची दारू होती, गावोगाव छोट्या भट्ट्या होत्या. मोहाचं फूल म्हणजे दारू आणि अन्न दोन्ही, लग्नात आणि देवाच्या कामात लागणारी वस्तू. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारने गाळणं आणि विकणं यावर मजबूत पकड घेतली. घरची भट्टी गुन्हा ठरली आणि मक्तेदाराच्या दुकानातली, कर भरलेली दारू कायदेशीर. आदिवासी माणूस स्वतःच्या झाडाखाली गुन्हेगार झाला आणि दुकानात कर्जदार.

म्हणून दारू सोडा असं सांगणाऱ्या चळवळी आपल्याकडे फक्त शहरातून आल्या नाहीत. तेव्हाच्या पश्चिम खान्देशात, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांच्या मागे १९३० च्या दशकाच्या शेवटी हजारो भिल्ल गोळा होत होते. दारू सोडा, स्वच्छ राहा, हे त्यांचं सांगणं. त्यात भक्ती होती आणि दुकानदाराच्या वहीतून सुटायची वाटही होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच दशकात डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. दारूबंदी हा काँग्रेसचा जुना कार्यक्रम होता. पुढच्याच वर्षी बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात आलं आणि १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. ती टिकली नाही. पण स्वातंत्र्यानंतर खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला, आणि १९५० मध्ये अख्ख्या राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टात बलसारा खटला झाला. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंधनं कोर्टाने रद्द केली, पण कायद्याचा गाभा शाबूत ठेवला.

आता परमिट. या कायद्याचा पाया असा की दारू बाळगणं आणि पिणं मुळात निषिद्ध आहे, आणि ज्याला सरकार परवानगी देईल तो अपवाद. अपवादांची यादीच होती. परदेशी पाहुणे, वकिलातीतले लोक, आणि तब्येतीसाठी ज्याला गरज आहे असा माणूस. त्याला हेल्थ परमिट. घरात अचानक कुणी आजारी पडलं तर थोडी ब्रँडी ठेवायला इमर्जन्सी परमिट. प्रोग्रॅमर लोकांना पटकन कळेल असं सांगतो: डिफॉल्ट व्हॅल्यू 'नाही', आणि 'हो' साठी प्रत्येकाने वेगळी नोंद करायची. बाकीच्यांसाठी उरली हातभट्टी, आणि ती जोरात चालली.

परवाना असलेल्यांना प्यायला जागा हवी. म्हणून १९५३ च्या विदेशी मद्य नियमांखाली हॉटेलांना लायसन्स, आजही बारवाले ज्याला एफएल-थ्री म्हणतात ते. परमिटवाल्याने इथे बसून प्यावं, बाकीच्यांनी तिकडे जेवावं. ही झाली परमिट रूम! आता ही खोली कुणाला डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली ते बघा. बाहेरून दिसू नये, आतल्याने मान खाली घालून प्यावं. आणि तो आतला माणूस मनात धरला तर पुरुषच. दोघांनी एकत्र बसून गप्पा मारत एक ग्लास प्यावा, हे चित्र या नियमांच्या मागे कुठेच नाही.

१९६० नंतर वाटा फुटल्या. वसंतराव नाईकांच्या काळात परमिटचे नियम सैल होत गेले, आणि १९७० च्या दशकात 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी आली. गुजरातने मात्र दारूबंदी चालू ठेवली. हे कागदावर नको, डोळ्यांनी बघायचं असेल तर सुरत-भुसावळ लाइनवर नवापूरला उतरा. स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात, एक गुजरातमध्ये. दोन्ही राज्यांनी १९४९ चा तोच कायदा वारशात घेतला. आणि तरी फलाटाच्या एका टोकाला बाटली चालते, दुसऱ्या टोकाला तीच बाटली गुन्हा.

महाराष्ट्रात तो कायदा रद्द झालेला नाही बरं का. नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं, एवढंच. आजही कायद्याने पिणाऱ्याकडे परमिट हवं. एका दिवसाचं पाच रुपयांत, आयुष्यभराचं हजारात. आणि हे कोरेगाव पार्कातल्या टॅपरूमलाही लागू आहे. तिथल्या चकाचक तांब्याच्या टाक्या आणि आमच्या हायवेवरचा लाल बल्बचा बार, दोघांचं लायसन्स एकाच दारूबंदी कायद्याखालचं. म्हणजे आमच्या शीटमधला फरक निव्वळ कायद्याचा नाही. कायद्याने सवय लावली, आणि खान्देशात ती सवय कायद्यापेक्षा जास्त टिकली.

बिअरचंही तेच. आपल्याकडे बार म्हटलं की स्ट्राँग. पैसे मोजतोय तर चढली पाहिजे, हा हिशोब. लपून, घाईत प्यायचं असेल तर तो बरोबरच आहे. चव घ्यायला वेळ आणि उजेड लागतो. हिने पुण्यात पहिल्यांदा हेफेवायझन घेतली, जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर. वास घेतला आणि म्हणाली, "अरे, ही तर केळी पिकायला लावलेल्या खोलीसारखी आहे." रावेर-यावलच्या नातेवाइकांकडे सुट्ट्या काढलेली मुलगी, तिला कळणारच. यात केळं घातलेलं नसतं. त्या बिअरचं यीस्ट आंबवताना आयसोअमाइल अॅसिटेट तयार करतं, आणि पिकल्या केळ्याचा वासही त्याच रसायनाचा. तिच्या घरचा वास तिला ग्लासात सापडला. पण जळगावात बसून हे बोलायला आम्हाला पडद्यामागची जागा मिळते.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट सोपी होती: जुनाट कायदा, बंद खोली, आणि आपण मोकळे. पण ती तशी नाहीये, आणि हे मला हिनेच दाखवलं.

२००८ च्या आदेशानुसार महाराष्ट्रातल्या गावात स्त्रियांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त जणींनी आडवीला मत दिलं तर दुकान बंद. मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्या नव्हे, एकूण मतदारांपैकी. म्हणजे जी मजुरीला गेली, जिला नवऱ्याने घरातून बाहेर पडू दिलं नाही, ती आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आणि तरी बायकांनी कितीतरी गावांत बाटली आडवी केली आहे.

उलट बाजूला बघा. १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने हायवेपासून पाचशे मीटरमध्ये दारूविक्री बंद केली, १ एप्रिल २०१७ पासून. धुळं तर आग्रा आणि सुरत-नागपूर अशा दोन हायवेंच्या फाट्यावरचं शहर. जळगावातून हायवे तेव्हा शहराच्या पोटातून जायचा. मग काय झालं? जळगाव शहरातले रस्ते राज्याच्या यादीतून काढून महापालिकेकडे द्यायचा निर्णय झाला, त्यावरून मोठा वाद पेटला, आणि जुलै २०१७ मध्ये कोर्टानेच महापालिका हद्दीला बंदी लागू नाही असं स्पष्ट केलं. बार वाचवायला रस्त्याचा दर्जा बदलता येतो. बाईला दुकान बंद करायला गावातल्या निम्म्या बायका रांगेत उभ्या कराव्या लागतात.

हिच्या मामांनी दारूपायी आधी बैलजोडी घालवली, मग दोन एकर, मग स्वतः गेले. मामींनी पुढे दुसऱ्याच्या शेतात निंदणी करून मुलं शिकवली. मी एकदा हिला विचारलं, त्या गावात मतदान असतं तर तू काय केलं असतंस? "आडवी. विचार न करता." मग शनिवारी आपण जातो ते? ती म्हणाली, "तिथे मी ठरवते किती घ्यायची आणि कधी उठायचं. मामींना कुणी विचारलं होतं का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्यानंतर मला या सगळ्या इतिहासाकडे बघायचा धागा मिळाला. अबकारीत मक्तेदाराने ठरवलं, दारूबंदीत मंत्र्याने, परमिटमध्ये डॉक्टरने आणि कलेक्टर कचेरीने, घरात नवऱ्याने. गुला महाराजांच्या मागे गेलेल्या माणसांनी आणि बाटली आडवी करणाऱ्या बायकांनी स्वतः ठरवलं. टेबलावर बसून एक ग्लास घेऊन उठणाऱ्या बाईनेही स्वतः ठरवलं. मला या तिघी-तिघं एका बाजूचे वाटतात. तुम्हाला पटलं नाही तर जरूर कळवा.

हा भाग टाकायचा की नाही यावर घरी आठवडाभर चर्चा झाली. माझ्या सासूबाई आपले भाग ऐकतात, आणि आमच्या शनिवारांबद्दल त्यांना आजवर काही सांगितलेलं नव्हतं. रेकॉर्ड करायच्या आदल्या रात्री हिने स्वतःच फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "मामाचं नाव घेणारेस का त्यात?" आम्ही ते घेतलेलं नाही.

तर मंडळी, एक काम. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या कागदांत जुनं दारूचं परमिट असेल, हेल्थ परमिट किंवा घरच्या ब्रँडीचं, तर त्याचा फोटो पाठवा, नाव-पत्ता झाकून. आणि आजीच्या नावाचं परमिट कुणाकडे निघालं, तर ते सगळ्यात आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात.